जयपुरात भेटलेला मराठा

सुतारपक्ष्यांच्या एका जातीला आपल्या लोकांचं नाव आहे. मराठा सुतार. पाठीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मळकट पिवळी टोपी, पोटाच्या खालच्या भागावर लाल डाग, आणि आकार म्हणाल तर जेमतेम १७-१८ सेंटिमीटर. बुलबुलापेक्षाही जरा लहानच. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘महराटेन्सिस’ असा शब्द आहे. जॉन लेथम नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी १८०१ साली हे नाव ठेवलं. लेथमसाहेब कधी हिंदुस्थानात आले नाहीत. इथून विलायतेत पोचलेले नमुने आणि चित्रं पाहून त्यांनी कितीतरी पक्ष्यांची बारशी घरबसल्या उरकली. तेव्हा पुण्याच्या गादीवर दुसरे बाजीराव होते आणि ‘मराठ्यांचा मुलूख’ हे शब्द नकाशावर अजून भारदस्त दिसत होते. पक्ष्याला अर्थातच यातलं काही ठाऊक नाही. तो पाकिस्तानापासून पार व्हिएतनामपर्यंत राहतो, श्रीलंकेतही राहतो.

फक्त मला तो महाराष्ट्रात कधी दिसला नव्हता. मी नाशिकची. दर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जाऊन बदकं, करकोचे बघून येते. पण हा पक्षी काही पाण्याकाठचा नाही. त्याला उघडा, कोरडा, काटेरी झाडांचा मुलूख लागतो. घनदाट जंगलही त्याला फारसं मानवत नाही. शिवाय स्वभावाने मुखदुर्बळ. त्याचा चुलत भाऊ सोनपाठी सुतार हा साळुंकीपेक्षा मोठा, पाठीवर सोनं मिरवणारा आणि उडताना सगळ्या आळीला ऐकू जाईल असा खिदळणारा. मराठा सुतार मात्र एखादं बारीक ‘टिक्’ करतो आणि तुम्ही मान वर करेपर्यंत फांदीच्या मागच्या बाजूला सरकतो. तुम्ही झाडाला फेरी मारलीत की तोही फेरी मारतो, तुमच्या उलट दिशेने.

फेब्रुवारीत ताईकडे आठ दिवस जायचं ठरलं तेव्हा मनात हा पक्षी नव्हताच. भाऊजी बँकेच्या बदलीने जयपूरला गेले आणि तिकडचेच झाले. घर दुर्गापुऱ्यात. मुंबईकडून सवाई माधोपूरमार्गे जयपूरला जाताना शेवटी सांगानेर, दुर्गापुरा, बाईस गोदाम अशी स्थानकं लागतात, त्यातलं हे मधलं. गुलाबी भिंतींचं जुनं जयपूर इथून बरंच लांब आहे. इथे टोंक रोडची अखंड वाहतूक, क्लासेसच्या पाट्या, डोक्यावरून सांगानेरच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं. पर्यटक इथे येत नाहीत, आणि त्यांनी का यावं हा प्रश्नच आहे. पण याच गजबजाटात राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे, आणि तिची शेतं. दोन्ही बाजूंनी इमारती वाढलेल्या आणि मध्येच हिरवा गहू. ‘दुर्गापुरा मधु’ नावाचं गोड खरबूज इथलंच वाण. ताईच्या गच्चीवरून झाडांची एक लांब ओळ दिसली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. उघडा मुलूख, कोरडी हवा, विखुरलेली जुनी झाडं. मराठा सुताराला हवं ते सगळंच.

शेजारच्या काकांना मी कुठून आले ते कळल्यावर ते हसत म्हणाले, “लो जी, मराठे फिर आ गए!” थट्टाच होती, पण या थट्टेला अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे शहर वसवलं. त्यांच्यामागे मुलांमध्ये गादीवरून भांडण लागलं आणि मराठे त्यात उतरले. थोरल्या ईश्वरीसिंहांनी राजमहलची लढाई जिंकली म्हणून उभारलेला ईसरलाट नावाचा मनोरा आजही त्रिपोलिया बाजारात आहे. पुढे खंडणीसाठी होळकरांची फौज चालून येतेय हे कळताच त्याच ईश्वरीसिंहांनी डिसेंबर १७५० मध्ये स्वतःचा जीव दिला. पाठोपाठ जानेवारी १७५१ मध्ये बरेच मराठे नवं शहर बघायला, बाजारहाट करायला म्हणून तटाच्या आत आले, आणि शहरातला राग उसळला. त्या दिवशी हजारो मराठे मारले गेले. शाळेत आपण अटकेपार झेंडे शिकतो. हे पान बहुधा वगळलेलं असतं. ईसरलाटीवर चढून आल्यावर मी भाऊजींना म्हटलं, “इथे ‘मराठा सुतार कुठे भेटेल?’ असं मोठ्याने विचारायला नको.” ते म्हणाले, “विचार ना. लोक फर्निचरवाला शोधतेय असं समजतील.”

खरंच विचारलं, पण ‘कठफोड़वा’ म्हणून. सगळ्यांनी रोज दिसतो असं सांगितलं. बागेतल्या माळ्याने तर हात धरून नेलं. राजस्थानात सुताराला खाती म्हणतात, तेव्हा हा त्याचा ‘खातीचिड़ो’. हिरवळीवर डोक्याला तुरा असलेला, लांब वाकड्या चोचीचा बदामी पक्षी माती टोचत फिरत होता. तो हुदहुद. आपल्याकडेही कित्येक घरांत हुदहुदलाच सुतारपक्षी म्हणतात. चोच लांब आणि टोचतोय म्हणजे सुतारच असला पाहिजे. पण हुदहुद लाकडाला हात लावत नाही, म्हणजे चोच लावत नाही. तो जमिनीतल्या अळ्या उकरतो. माळ्याचा उत्साह एवढा होता की मी त्याला काही सांगितलं नाही. हुदहुदही सुंदरच पक्षी आहे.

पुढचे तीन दिवस मी आणि भाची, ती नववीत, सकाळी सहाला बाहेर पडायचो. सेंट्रल पार्कमध्ये मोर भरपूर, चालणारी माणसं त्याहून भरपूर. जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या स्मृतिवनात सोनपाठी सुतार दोनदा दिसला, खिदळत गेला. त्यामागच्या झालान्याच्या टेकड्यांमध्ये बिबटे आहेत. शहराच्या कुशीत बिबटे सुखाने राहतात आणि त्यांना बघायला जिपा जातात. जयपूरला येणारा माणूस वाघ-बिबट्याचं तिकीट काढतो, पावलाएवढ्या पक्ष्यासाठी कोण येणार? भाची तेवढ्यात म्हणाली, “मावशी, आपण बिबट्याच शोधला असता तर आत्तापर्यंत मिळाला असता.” तिची मराठी छान आहे, फक्त मधूनच हिंदी बोलते आणि बिबट्याला बघेरा म्हणते.

चौथ्या दिवशी मी पक्षी शोधायचं सोडून वाळकं लाकूड शोधायला लागले. सुतारपक्ष्याला झाड लागतं हे सगळे सांगतात, पण झाडापेक्षाही त्याला झाडाचा मेलेला भाग लागतो. हिरव्या, रसरशीत फांदीत त्याला घर कोरता येत नाही. जुनं झाड एकदम मरत नाही, एकेक फांदी करत वाळत जातं. वाळक्या फांदीत बुरशी शिरते, आतलं लाकूड भुसभुशीत होतं, त्यात किड्यांच्या अळ्या होतात. मग हा येऊन टकटक करून बघतो. कुठे पोकळ वाजतंय, कुठे भरीव. अळ्या मिळाल्या तर जेवण, आणि फांदी मनाजोगती असली तर घर. आता शहरातली एखादी बाग डोळ्यांसमोर आणा. तिथली झाडं कशी असतात? छाटलेली, बुंध्याला चुना-गेरू लावलेली, एकही सुकी काडी नसलेली. नीटनेटकी बाग म्हणजे सुतारपक्ष्याच्या दृष्टीने बांधकामाला बंदी असलेला भूखंड.

शेतांच्या बाजूच्या रस्त्यावर खेजडीची जुनी झाडं होती. खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला तिची आठवण काढतो. राजस्थानात ती राज्यवृक्ष आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवी आणि बिष्णोई समाजातल्या ३६३ जणांनी प्राण दिले, ती हीच. तिच्या शेंगांची सांगरीची भाजी ताईने आदल्याच दिवशी केली होती. हिवाळ्यात गुरांच्या चाऱ्यासाठी शेतकरी खेजडीच्या फांद्या तोडतात, म्हणून फेब्रुवारीत जुनी झाडं मुठी आवळून उभी असल्यासारखी दिसतात. त्या गाठींमध्ये कुठेतरी ‘टिक्’ झालं. आम्ही दोघी थिजलो. पुन्हा ‘टिक्’. मग चिमणीएवढी एक काळी-पांढरी सावली एका झाडावरून दुसऱ्यावर, वरखाली हेलकावे खात गेली आणि भिंतीपलीकडच्या शेतात नाहीशी झाली. दुर्बीण डोळ्यांना लागलीसुद्धा नाही. याला बघितलं म्हणायचं का? भाची म्हणाली, “मोजायचं.” मी म्हटलं, नाही.

मग तो सापडला तो भाचीच्या स्कूटीमुळे. म्हणजे खरं तर ताईच्या स्कूटीमुळे, पण भाची तिला आपलीच समजते. दोन-तीन दिवस सीटवर बारीक भुसा पडत होता. ताईचं म्हणणं, समोरच्या घरी पीओपीचं काम चाललंय, तिकडून उडतंय. पाचव्या दिवशी सकाळी मी तो बोटावर घेऊन बघितला. पीओपी नव्हतं. लाकडाचे चपटे, फिकट पिवळे तुकडे होते, सुताराच्या रंध्याखाली पडतात तसे, पण तांदळाएवढे.

स्कूटी उभी असायची गल्लीच्या कोपऱ्यावरच्या अरडूखाली. अरडू म्हणजे आपला महारुख. उंच वाढतो, लाकूड इतकं मऊ की आगपेटीच्या काड्या करतात. राजस्थानात रस्त्यांच्या कडेला पुष्कळ. या झाडाची एक जाड फांदी रस्त्यावर झेपावलेली होती आणि ती पूर्ण वाळली होती. पानं नाहीत, साल निघालेली, संक्रांतीच्या पतंगाचा एक सांगाडा आणि वावभर मांजा तिला अजून लटकलेला. फांदीच्या खालच्या बाजूला एक गोल भोक होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं. आम्ही ताईच्या जिन्यात बसलो. दहा मिनिटांनी भोकातून एक डोकं बाहेर आलं. कपाळ पिवळट, मागे लालभडक पट्टा, म्हणजे नर. चोचीत भुसा. त्याने मान झटकली आणि सगळा भुसा स्कूटीच्या सीटवर टाकला.

मी बराच वेळ काही बोलले नाही. भाची मात्र ओरडली. तो घाबरला नाही. खाली रिक्षा, दूधवाला, विमान, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना तो बिनदिक्कत घर कोरत होता, एका मुलीच्या किंकाळीने त्याला काय होणार?

त्यानंतरचे दोन दिवस आमचं जयपूर दर्शन जिन्यातच झालं. जंतरमंतर राहिलं ते राहिलंच. नर-मादी पाळीपाळीने काम करतात. मादीच्या डोक्यावर लाल पट्टा नसतो, त्यामुळे कोण कामावर आहे ते लगेच कळतं. नराची पाळी मोठी असे. एक आत गेला की आधी नुसती शेपटी दिसायची; दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेपटीही आत जायला लागली. फांदीच्या खालच्या अंगाला, जवळजवळ उलटं लटकून हे काम चालतं. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची ताठ पिसं तिसऱ्या पायासारखी टेकलेली.

“याचं डोकं दुखत नाही?” हा प्रश्न भाचीचा, आणि तो शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. कवटीत स्पंजासारखी काहीतरी गादी असेल आणि ती धक्के शोषत असेल, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. २०२२ साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने काही जातींचं ठोकणं टिपलं, तर तसं काही आढळलं नाही. डोकं सरळ ताठ हातोडीसारखं वागतं. आणि बरोबरच आहे. हातोडीला गादी लावली तर खिळा कसा ठोकणार? मेंदू एवढासा, त्यामुळे आपल्याला घेरी आणेल असा झटका त्याला बाधत नाही. जीभ मात्र खरोखर नवलाची. तिला आधार देणारी लवचीक हाडं कवटीला मागून वेढा घालून पुढे येतात, म्हणून ती लाकडाच्या भोकात खोलवर जाऊन अळी ओढते.

शुक्रवारी रात्री जेवताना भाऊजी सहज म्हणाले, “रविवारी झाडवाला येतोय. ती कोपऱ्यावरची सुकी फांदी काढायची आहे.”

ठरलं होतं महिनाभर आधी. कॉलनीच्या बैठकीत, भाऊजींच्याच सहीने. भाचीने ताटावरून उठून घर डोक्यावर घेतलं. पण मी दुसऱ्या दिवशी समोरच्या आजींशी बोलले तेव्हा त्यांचं म्हणणं कानाआड करण्यासारखं नव्हतं. त्यांचा सहा वर्षांचा नातू त्याच फांदीखाली क्रिकेट खेळतो. राजस्थानात मे-जूनमध्ये आंधी येते, धुळीचं वादळ, आणि वाळकी फांदी त्यात पहिली जाते. “चिड़िया तो दूसरा पेड़ ढूँढ लेगी, बेटा. म्हारो पोतो एक ही है,” असं त्या म्हणाल्या. यावर काय उत्तर आहे? पक्षिप्रेमी लोक अशा वेळी आजींना अडाणी ठरवून मोकळे होतात. मला ते जमत नाही. आणि दुसरं झाड शोधेल म्हणजे कुठलं? मी भाचीला घेऊन आसपासच्या सहा गल्ल्या फिरले. बोटभर जाडीच्या काड्या सोडल्या तर घर कोरण्याजोगी वाळकी फांदी एकही सापडली नाही. शेताच्या भिंतीपलीकडे असतील, पण तिथे आधीच कुणाची घरं असतील ते कुणी मोजलंय?

रविवारी झाडवाला आला, दोर आणि करवत घेऊन. पन्नाशीचा माणूस, अंगाने काटकुळा. आम्ही त्याला भोक दाखवलं. त्याने वर चढून फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत हाताने ठोकून पाहिली, अगदी सुतारासारखी, आणि वरूनच सांगितलं की टोकाकडचा अर्धा भाग पोकळ आहे, तो आंधीत नक्की पडणार. बुंध्याकडचा चार-साडेचार फूट अजून घट्ट आहे. भोक त्या घट्ट भागात होतं, पण कडेपासून फार लांब नव्हतं. आजी खुर्ची टाकून बसलेल्या. भाऊजी एकदा आजींकडे, एकदा मुलीकडे बघत होते. बँकेत कर्ज मंजूर करतानाही त्यांचा चेहरा असाच होत असणार. शेवटी आजीच म्हणाल्या, बाहेरचं सगळं काढ, आणि उरलेला ठुंठ लोखंडी तारेने बुंध्याला बांध. झाडवाल्याने तारेचे वेगळे पैसे सांगितले. ते भाचीने तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून देऊ केले, आणि भाऊजींनी दिले.

करवत चालली तेव्हा दोन्ही पक्षी उडून गेले. फांदीचा लांब तुकडा दोराने खाली आला, पतंगासकट. आत बोटभर लांबीच्या पांढऱ्या अळ्या होत्या. आजींच्या नातवाने त्या डब्यात भरल्या आणि आजीने डबा फेकायला लावला. दुपार झाली, चार वाजले, झाडावर कुणी नाही. माझी गाडी त्या संध्याकाळची होती. निघताना मी कोपऱ्यावर रिक्षा थांबवली. तारेने बांधलेला ठुंठ तेवढा दिसला.

मंगळवारी नाशकात भाचीचा निरोप आला. स्कूटीच्या सीटचा फोटो होता फक्त, त्यावर ताजा भुसा. मार्चअखेर भुसा बंद झाला, म्हणजे अंडी असावीत असा तिचा कयास. एप्रिलच्या मध्यात भोकातून दोन पिवळट डोकी एकदमच बाहेर डोकावल्याचा फोटो आला, इतका हललेला की तीन डोकीही असतील. तो फोटो आजींच्या नातवाने काढला होता. क्रिकेट आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला खेळतात, आणि चेंडू दुसऱ्यांच्या काचांवर जातात, ही ताईची तक्रार वेगळी.

सुतारपक्षी साधारणपणे दरवर्षी नवं भोक कोरतो. जुनं घर तो कुलूप न लावता सोडून जातो, आणि ज्यांना स्वतःला कोरता येत नाही असे कितीतरी पक्षी त्यात बिऱ्हाड करतात. मेमध्ये पहिली आंधी येऊन गेली. ठुंठ जागेवर आहे. परवा भाचीने विचारलं, भोकात गवत घेऊन जाणारी चिमणी कुठली, नेहमीच्या चिमणीसारखी दिसते पण गळ्यावर पिवळा ठिपका आहे. ती रानचिमणी. १९०८ साली मुंबईच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने अशीच पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ही कुठली चिमणी म्हणून विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि पुढे तो सलीम अली झाला. भाचीला मी हे लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, “मावशी, स्कूटीवर आता गवत पडतंय. आई म्हणते भुसा बरा होता.”